गिल्बर्ट न्यूटन लुईस

रसायनशास्त्राच्या तासाला विद्यार्थी मूलद्रव्यांच्या चिन्हांभोंवतीं टिंबें मांडीत असतात. सोडियमभोंवतीं एक टिंब, ऑक्सिजनभोंवतीं सहा, क्लोरीनभोंवतीं सात. टिंबें मोजतां मोजतां मुलें कंटाळतात. परंतु तीं प्रथम कोणीं मांडलीं व कशासाठीं मांडलीं, हें विचारावयाचें मात्र फारसें कोणास सुचत नाहीं. ज्या विद्वानानें तीं मांडलीं, त्याचें अल्प चरित्र यंदाच्या अंकांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गिल्बर्ट न्यूटन लुईस यांचा जन्म अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वेमथ या गांवीं 1875 सालीं झाला. पुढें त्यांचें कुटुंब नेब्रास्कांतील लिंकन शहरीं राहावयास गेलें. लहानपणीं त्यांचें शिक्षण बहुतांशीं घरींच, आईबापांच्या देखरेखीखालीं झालें. 1896 मध्यें हार्वर्ड विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर त्यांनीं एक वर्ष शाळेंत शिक्षकाचें काम केलें, आणि 1899 मध्यें डॉक्टरची पदवी संपादन केली. नंतर जर्मनींत लाइपझिग व गॉटिंगेन येथें राहून त्यांनीं अधिक अभ्यास केला.

1902 सालीं हार्वर्ड येथें नवशिक्या विद्यार्थ्यांस मूलद्रव्यांची सारणी समजावून देतांना त्यांना एक कल्पना सुचली. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हां अवघीं पांच वर्षें झालीं होतीं. अणु म्हणजे एक घन मानावा, व त्याच्या आठ कोपऱ्यांवर बाहेरचे इलेक्ट्रॉन बसतात असें समजावें, अशी ती कल्पना होती. निऑन व आर्गॉन हे वायु सहसा कोणाशीं संयोग पावत नाहींत, कारण त्यांचे आठही कोपरे भरलेले. सोडियमचा एकच भरलेला, आणि क्लोरीनचा एकच रिकामा. हें चित्र लुईस यांनीं आपल्या टिपणांत काढून ठेविलें, पण छापलें नाहीं. अशा तर्कांस त्या विद्यापीठांत तेव्हां फारसें उत्तेजन नव्हतें. 1904 मध्यें ते फिलिपाइन्समधील मनिला येथें वजनें-मापें खात्यावर अधिकारी म्हणून गेले. तेथून परतल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेंत अध्यापक झाले, व 1912 मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील विद्यापीठांत रसायनविभागाचे प्रमुख म्हणून गेले. टिपणांतील घन चौदा वर्षें तसाच पडून राहिला.

अखेर 1916 सालीं त्यांनीं आपला प्रसिद्ध निबंध छापला. सोडियमनें आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिला म्हणजे एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युत् येते, आणि त्या आकर्षणानें मीठ बनतें, ही गोष्ट त्याच वर्षीं जर्मनींत कोसेल यांनींही मांडली होती. पण क्लोरीनचे दोन अणु एकमेकांशीं कां जोडले जावेत? दोघांनाही एकेक इलेक्ट्रॉन हवा. एकानें घ्यावा तर दुसऱ्याचें उणें होणार. या कोड्याचें उत्तर लुईस यांनीं दिलें. दोघांनीं एकेक इलेक्ट्रॉन पुढें करावा, आणि ती जोडी दोघांचीही समजावी. देणेंही नाहीं, घेणेंही नाहीं, सारी भागी! पाण्यांत ऑक्सिजन अशा दोन जोड्यांनीं दोन हायड्रोजनशीं बांधला जातो. हवेंतील नायट्रोजनच्या दोन अणूंमध्यें तर तीन जोड्या असतात. म्हणूनच त्यांस अलग करणें इतकें कठीण. हाच सहसंयुज बंध होय. मिठाचें पाणी वीज वाहून नेतें आणि साखरेचें नेत नाहीं, याचेंही कारण येथेंच सांपडतें : मीठ पाण्यांत विद्युद्भारित कणांत विभागतें, साखरेचे रेणु मात्र आपली भागी न मोडतां अखंड राहतात.

दान व भागी यांच्यामध्यें भिंत नाहीं, हेंही लुईस यांनीं जाणलें. पाण्यांतील जोडी ऑक्सिजनकडे अधिक ओढली जाते. ती भागी खरी, पण समसमान नव्हे. तांब्यासारख्या धातूंत बाहेरचे इलेक्ट्रॉन सर्व अणूंच्या सामाईक मालकीचे होऊन मोकळे फिरतात, म्हणून तार वीज वाहते. आणि हें सारें घडतें कां? उंचावरचा दगड जसा खालीं येऊं पाहतो, तसे अणुही ज्या मांडणींत ऊर्जा कमी तिकडे वळतात, व उरलेली ऊर्जा बहुधा उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतात. घनाची कल्पना पुढें टिकली नाहीं, आठाच्या नियमालाही अपवाद निघाले. परंतु 1927 मध्यें हाइट्लर व लंडन यांनीं नव्या पुंजसिद्धान्तानें हायड्रोजनच्या रेणूचें गणित मांडलें, तेव्हां इलेक्ट्रॉनची जोडी अढळ राहिली.

मान मात्र सहज मिळाला नाहीं. लुईस सभेंत बोलावयास संकोचत. लँगम्यूर नांवाचे दुसरे विद्वान उत्तम वक्ते होते. त्यांनीं 1919 पासून हा सिद्धान्त वाढवून गांवोगांव सांगितला, आणि कित्येक लोक तो त्यांचाच समजूं लागले. याचें लुईस यांस दुःख झालें. लँगम्यूर यांस 1932 मध्यें, निराळ्या कार्याबद्दल, नोबेल पारितोषिक मिळालें. लुईस यांचें नांव पस्तीसहून अधिक वेळां सुचविलें गेलें, पण तें पारितोषिक त्यांस कधींच लाभलें नाहीं. धन्यानें दिलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. लुईस कांहीं आळशी चाकर नव्हते. तरी आपलें चांगलें विचारधन फार दिवस वहींत मिटून ठेवूं नये, हा धडा त्यांच्या चरित्रांतून घेण्यासारखा आहे.

याहून मोठा धडा दुसराच. बर्कले येथें दर आठवड्याला जी चर्चा भरे, तींत लहानमोठा कोणीही प्रश्न विचारूं शके. त्या विभागांत तयार झालेल्या यूरी, जिओक, लिबी व सीबोर्ग यांना पुढें नोबेल पारितोषिकें मिळालीं. जें गुरूच्या हातीं आलें नाहीं, तें शिष्यांच्या हातीं आलें! 23 मार्च 1946 रोजीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, लुईस आपल्या प्रयोगशाळेंतच मरण पावले.

आमच्या शाळेंत बक्षीससमारंभाच्या दिवशीं कित्येक चांगलीं मुलें रिकाम्या हातानें घरीं जातात, आणि त्यांच्या आईबापांचीं तोंडें उतरतात. अशा वेळीं या गृहस्थाचें स्मरण करावें. त्यांस पदक मिळालें नाहीं; पण पाण्याचा रेणु काढतांना मूल ऑक्सिजनशेजारीं दोन टिंबें देतें, तेव्हां नकळत तें त्यांचेंच ऋण मान्य करीत असतें.