मतपेटी आणि संन्यासी

निवडणूक जवळ आली की जवळा बाजारसारख्या गावाचे राजकारण कागदावर मांडून दाखविणारे पंडित उदंड होतात. परभणीहून औंढा नागनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, नावातच बाजार असलेले हे गाव. येथे अमक्या जातीची इतकी मते, तमक्या समाजाची तितकी, आणि त्यांची बेरीज अमुक पक्षाकडे, असा हिशेब चहाच्या दुकानापासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत बिनदिक्कत मांडला जातो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला आकड्यांचे वावडे असण्याचे कारण नाही. पण आकडा पडताळून पाहावा लागतो. हे गाव ज्यात येते त्या हिंगोली मतदारसंघात १९९१ ते २०२४ या काळात लोकसभेच्या नऊ निवडणुका झाल्या, आणि त्यांपैकी एकाही निवडणुकीत विद्यमान खासदार पुन्हा निवडून आला नाही. जातींचे प्रमाण काही दर पाच वर्षांनी पालटत नसते. मग हा मतदार कोणता हिशेब करतो? याचा शोध घेण्यासाठी, या भागात मतपेटी येण्यापूर्वी मतदार कसा घडला हे पाहिले पाहिजे. आणि ते पाहू गेल्यास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या चरित्राकडे वळणे अपरिहार्य ठरते.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शिक्षण सोडले, पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ते पुरे केले आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो लोकशाहीच्या विकासाचा. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ काम करीत असताना प्रकृतीने दगा दिला. पुढे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि १९३५ मध्ये अंबाजोगाईस शिक्षणकार्य सुरू केले. संन्याशाने मठात जावे ही आपली रीत. हे शाळेत राहिले, आणि तेथून निघाले ते तुरुंगात जाण्यासाठीच.

निजामाच्या राज्यात प्रजेला मत नव्हते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली तेव्हा राजकीय मागणी सौम्य शब्दांतच करावी लागे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली, आणि सत्याग्रहात स्वामीजी पकडले गेले. त्यानंतरच्या वर्षी निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या. त्यांचे स्वरूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. मतदाराला नागरिक म्हणून मत न देता जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, वकील अशा धंदेवार गटांत त्याची विभागणी करावयाची, आणि निवडून द्यावयाच्या जागा लोकसंख्येचे प्रमाण दृष्टीआड करून हिंदू व मुसलमान यांच्यात समसमान वाटावयाच्या, अशी ती योजना होती. माणूस प्रथम गटाचा, मग स्वतःचा! स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी सोडली नाही आणि १९४६ च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. गावागावांचे हिशेब मांडणाऱ्या आजच्या पंडितांना निजामाच्या कारभाऱ्यांशी असलेले आपले हे नाते बहुधा ठाऊक नसावे.

१९४७ च्या ऑगस्टमधील भारतात विलीन होण्याचे आंदोलन, १५ ऑगस्टची अटक, सुटका, पुन्हा अटक आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यानंतर १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, आणि १९५२ मध्ये प्रथमच प्रौढ स्त्रीपुरुषांच्या हाती मतपत्रिका आली. एखाद्याला वाटेल की लढा जिंकणाऱ्या पक्षालाच सर्वत्र कौल मिळाला असेल. वास्तविक परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना पाठविले, तर बीडची जागा पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडे गेली. जहागीर गेली तरी कुळाची जमीन सर्वत्र त्याच्या नावावर चढली नव्हती. शेतकऱ्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या पक्षाकडे कौल झुकला याचे कारण माझ्या मते येथे शोधले पाहिजे.

स्वामीजी स्वतः गुलबर्ग्यातून निवडून आले. पण हैदराबादचे मुख्यमंत्रिपद बी. रामकृष्णराव यांच्याकडे गेले, आणि पक्षांतर्गत चढाओढीत स्वामीजींचा गट मागे पडला. या गटबाजीतून संन्यासवस्त्रही अलिप्त राहिले नाही, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य करावयास हवे. मात्र ज्या राज्यात आपले नेतृत्व उभे राहिले ते राज्यच भाषावार विभागले जावे, असा आग्रह त्यांनी धरला. सत्तेचा हिशेब करणारा माणूस असे करीत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली असता औरंगाबादने मात्र काँग्रेसच्या स्वामीजींना निवडून दिले. परभणीही त्या वर्षी काँग्रेसकडे आली.

१९६२ नंतर ते लोकसभेत नव्हते. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, हिंगोली मतदारसंघाने आपल्या पहिल्याच निवडणुकीत जनता पक्षाचा खासदार दिला, आणि शेजारची परभणी पंचवीस वर्षांनी पुन्हा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली.