ग्यानी दित्तसिंग : स्वतःच्या धर्माला समतेचा जाब विचारणारा संपादक

६ सप्टेंबर हा ग्यानी दित्तसिंग यांचा स्मृतिदिन. पंजाबात हे नाव मोठे आहे, पण महाराष्ट्रातील आंबेडकरी वाचकांपर्यंत ते फारसे पोहोचलेले नाही. अस्पृश्य समाजातून आलेल्या या माणसाने एकोणिसाव्या शतकात शिखांची पत्रकारिता उभी करण्यात मोठा वाटा उचलला. म्हणून त्यांचे आयुष्य आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

दित्तसिंग यांचा जन्म १८५०च्या सुमारास कलौड या गावी झाला. हे गाव आज पंजाबच्या फतेहगढ साहिब जिल्ह्यात येते. कुटुंब रविदासिया समाजाचे. वडील दिवाणसिंग विणकाम करून पोट भरत आणि गुलाबदासी या पंथात त्यांना मान होता. शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्या समाजातला हा मुलगा तिऊर गावी गुरूंकडे राहून गुरुमुखी, छंदशास्त्र, वेदान्त, उर्दू आणि फारसी शिकला. पुढे कसूरजवळच्या गुलाबदासी डेऱ्यात जाऊन तो प्रचारक झाला.

१८७७ मध्ये दयानंद सरस्वती लाहोरला आले. तेव्हा दित्तसिंग ऐन पंचविशी-सत्ताविशीचे होते. त्यांनी दयानंदांशी समोरासमोर वाद केला आणि पुढे तो पुस्तकरूपाने छापला. तरीही ते काही काळ आर्य समाजाशी जोडलेले होते. १८८८ मध्ये आर्य समाजाच्या लाहोर येथील उत्सवात गुरू नानकांबद्दल अनादराचे बोलले गेले, तेव्हा भाई जवाहिरसिंग यांच्यासह त्यांनी ती वाट कायमची सोडली.

त्याआधीच भाई गुरुमुखसिंग यांनी त्यांना लाहोरच्या सिंग सभेच्या कामात ओढले होते. १८८६ मध्ये 'खालसा अखबार' हे साप्ताहिक सुरू झाले आणि लवकरच त्याचे संपादन दित्तसिंगांकडे आले. त्याच वर्षी ते ग्यानी परीक्षा उत्तीर्ण झाले आणि लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजात शिकवू लागले. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर शिवू दिले जात नव्हते, त्यांच्यातला एक जण कॉलेजात पंजाबी शिकवत होता!

शीख धर्मात जात नाही, हे गुरूंनी सांगितले होते. तरी अस्पृश्य शिखांनी आणलेला प्रसाद दरबार साहिबचे पुजारी स्वीकारत नसत. गुरूच्या वंशातले म्हणून खेमसिंग बेदी हे ग्रंथसाहिबासमोर स्वतःसाठी वेगळी गादी घालून बसत. दित्तसिंगांनी या साऱ्यावर लेखणी चालवली. गुग्गा पीर, सखी सरवर यांच्या नावाने चालणाऱ्या अंधश्रद्धेवर त्यांनी खंडनपर पुस्तके लिहिली. त्यांच्या पुस्तकांची संख्या चाळिसाच्या वर जाते.

याची किंमतही मोजावी लागली. १८८७ मध्ये गुरुमुखसिंगांना अकाल तख्ताकडून बहिष्कृत करण्यात आले. त्याच वर्षी दित्तसिंगांनी 'स्वपन नाटक' लिहून अमृतसरच्या गादीवाल्यांची टर उडवली. बेदींचे नातलग बावा उदयसिंग यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ५१ रुपये दंड झाला. १८८८ मध्ये अपिलात ते सुटले, पण खटल्याच्या खर्चाने छापखान्याचे कंबरडे मोडले. १८८९ मध्ये अखबार बंद पडला. १८९३ मध्ये नाभा संस्थानच्या मदतीने तो पुन्हा निघाला आणि दित्तसिंग पुन्हा लिहू लागले. १९०१ च्या जूनमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी गेली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ६ सप्टेंबर रोजी, लाहोरला त्यांचे निधन झाले.

दरबार साहिबातली ती अडवणूक त्यांच्या हयातीत संपली नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृत घेतलेले अस्पृश्य समाजातील शीख जालियनवाला बागेतून प्रसाद घेऊन निघाले. पुजाऱ्यांनी आधी नकार दिला. शेवटी ग्रंथसाहिबाचा कौल घेतला गेला, तो त्यांच्या बाजूने लागला आणि प्रसाद स्वीकारावा लागला. ज्या विचाराने हे लोक दारापर्यंत गेले, तो पेरणाऱ्यांत दित्तसिंगांचे नाव घ्यावेच लागते.

येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला होता. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरला शीख परिषदेत गेले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. पण दित्तसिंगांनी विचारलेला प्रश्न कोणत्याही धर्माला सुटत नाही. ग्रंथात समता लिहिली की ती दारात, पंगतीत आणि सोयरिकीत आपोआप उतरते का? आम्ही बौद्ध झालो, तरी लग्न जुळवताना आमच्यातही पोटजात विचारली जातेच. दित्तसिंगांनी आपल्या माणसांना नाराज करण्याची जोखीम घेतली. त्यांना अभिवादन करायचे, तर तेवढे धाडस आपण आपल्या घरापासून दाखवायला हवे.