अण्णासाहेब लठ्ठे

अण्णा बाबाजी लठ्ठे (१८७८–१९५०) हे ब्राह्मणेतर चळवळीतील नेते, जैन समाजातील सुधारक, कोल्हापूर संस्थानचे दिवाण, लेखक आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री होते. दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे या नावाने ते ओळखले जातात. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३७ साली झालेल्या निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातून ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि बाळ गंगाधर खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात अर्थखात्याचे मंत्री झाले. दारूबंदीमुळे सरकारी तिजोरीत पडलेला खड्डा शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसवून भरून काढण्याचा त्यांचा निर्णय त्या काळात अतिशय वादग्रस्त ठरला होता.

बालपण आणि शिक्षण

लठ्ठे यांचा जन्म कुरुंदवाड येथे एका जैन कुटुंबात झाला. कुरुंदवाड त्या वेळी पटवर्धन घराण्याचे लहानसे संस्थान होते. आज ते कोल्हापूर जिल्ह्यात आहे. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यातील जैन समाज मुख्यतः शेतकरी होता. शेती आणि सावकारीचा हिशेब त्याला चांगला कळे, पण इंग्रजी शिक्षणात तो मागे होता. लठ्ठे यांनी इंग्रजी विषय घेऊन एम.ए. केले आणि पुढे कायद्याची पदवी मिळवली. त्यांच्या समाजात त्या काळी एवढे शिक्षण घेतलेली माणसे मोजकीच होती. समाजातील तरुणांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर लवकर येऊन पडली, ती यामुळेच.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभा आणि कोल्हापूर

१८९९ मध्ये निपाणीजवळच्या स्तवनिधी या तीर्थक्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत तरुण लठ्ठे होते. सभेने वसतिगृहे काढणे, शिष्यवृत्त्या देणे आणि लग्नकार्यातील उधळपट्टीला आळा घालणे ही कामे हाती घेतली. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत होती, त्यांतच दिगंबर जैन बोर्डिंगही होते. लठ्ठे राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी संस्थानच्या शिक्षणखात्यात अधिकारपदावर काम केले आणि जैन बोर्डिंगचा कारभारही त्यांच्याकडे होता.

याच बोर्डिंगमध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून राहत होते. भाऊरावांच्या चरित्रांतून सांगितला जाणारा एक प्रसंग लठ्ठे यांच्या प्रतिमेला फारसा शोभा देणारा नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले होते. परतल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, अशी अपेक्षा लठ्ठे यांनी धरली. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. जातीच्या अन्यायाविरुद्ध पुढे व्यासपीठे गाजवणारा हा सुधारक स्वतःच्या देखरेखीखालील बोर्डिंगात मात्र सोवळ्याओवळ्याच्या चौकटीबाहेर पडू शकला नाही. ब्राह्मणेतर चळवळीतील अनेक पुढाऱ्यांबाबत असेच म्हणता येते.

त्यानंतर काही वर्षांनी घडलेले डांबर प्रकरण या प्रसंगाशी जोडूनच पाहावे लागते. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात इंग्लंडच्या राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. त्या सुमारास लठ्ठे आणि कोल्हापूर दरबार यांच्यात वितुष्ट आले होते आणि संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आली. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटलांवर दडपण आणले गेले. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले आणि त्यासाठी तुरुंगवास व छळ सोसला. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले, त्याच्यासाठी त्यांनी हे केले. या वादळात लठ्ठे यांनी कोल्हापूर सोडले आणि बेळगावला वकिली सुरू केली.

ब्राह्मणेतर चळवळ

बेळगाव हा ब्रिटिश मुलखातील जिल्हा होता. तेथे संस्थानी दरबाराची मर्जी सांभाळण्याची गरज नव्हती आणि लठ्ठे यांचे सार्वजनिक आयुष्य खऱ्या अर्थाने तेथेच सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात राजकीय सुधारणांची चर्चा सुरू झाली, तेव्हा वालचंद कोठारी यांच्यासह त्यांनी डेक्कन रयत असोसिएशनच्या कामात पुढाकार घेतला. नव्या कायदेमंडळांत अधिकार आले तर ते शिकलेल्या मूठभर वर्गाच्या हाती जातील, म्हणून बहुसंख्य शेतकरी समाजांना प्रतिनिधित्वाची हमी हवी, असे या संघटनेचे म्हणणे होते.

या मागणीमागे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाची परंपरा होती. ती कोल्हापूरपुरती मर्यादित नव्हती. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर तालुका, आणि त्यातही ओतूर, हे सत्यशोधकांचे जुने केंद्र होते. तेथील शेतकरी कुटुंबांनी पुरोहिताशिवाय धार्मिक विधी करण्याचा आग्रह धरला आणि त्यावरून गावजोशांशी कोर्टकचेऱ्याही केल्या. लठ्ठे यांच्या पिढीने ही गावपातळीवरील भांडणे मतदारसंघ, राखीव जागा आणि नोकऱ्यांतील प्रमाण यांच्या भाषेत मांडली. १९१९ च्या सुधारणांनुसार मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या, त्यामागे अशा मागण्यांचा रेटा होता.

१९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. लठ्ठे मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातून केंद्रीय कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९२३ पर्यंत त्याचे सदस्य होते. १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर १९२४ मध्ये लठ्ठे यांनी महाराजांचे इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध केले. ज्या दरबाराशी बिनसल्यामुळे कोल्हापूर सोडावे लागले, त्याच दरबाराच्या अधिपतीचे चरित्र लिहिताना त्यांनी कागदपत्रांचा भरपूर आधार घेतला. शाहूकालाच्या अभ्यासकांना हे चरित्र आजही टाळता येत नाही. लेखक चळवळीचाच माणूस होता, हे ध्यानात ठेवून ते वाचावे लागते.

कोल्हापूरचे दिवाण

राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ मध्ये, लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण झाले. ज्या शहरातून एके काळी संशयित म्हणून बाहेर पडावे लागले, तेथे ते राज्यकारभाराचे प्रमुख म्हणून परतले. दिवाणबहादूर हा किताब त्यांना मिळाला तो याच काळात. संस्थानचा जमाखर्च हाताळण्याचा अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला असणार. मात्र संस्थानी खजिना आणि प्रांतिक खजिना यांत एक मूलभूत फरक होता. कोल्हापूरचा दिवाण महाराजांना आणि त्यांच्यामागे ब्रिटिश रेसिडेंटला जबाबदार असे. कर देणाऱ्या रयतेने खर्चाला मंजुरी देण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता.

१९३७ ची निवडणूक

१९३० नंतर ब्राह्मणेतर पक्षातील तरुण नेते एकेक करून काँग्रेसमध्ये येऊ लागले. पुण्याचे केशवराव जेधे हे त्यांतील सर्वांत ठळक नाव. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि शेतकरी समाज काँग्रेसकडे वळत असल्याचे स्पष्ट झाले. लठ्ठे यांनीही काँग्रेसचा मार्ग धरला आणि बेळगाव जिल्ह्यातून ते उमेदवार झाले.

१९३५ च्या कायद्याने मताधिकार वाढवला होता, पण तो सर्वांना नव्हता. जमीन महसूल, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटी पूर्ण करणाऱ्यालाच मत देता येई. ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे १४ टक्के लोकांना हा अधिकार मिळाला. संस्थानी प्रजेला तर या निवडणुकीत मतच नव्हते. म्हणजे लठ्ठे यांचे जन्मगाव कुरुंदवाड आणि ज्याचा कारभार त्यांनी पाहिला ते कोल्हापूर, या दोन्ही ठिकाणच्या लोकांना त्यांना निवडून देण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार नव्हता.

मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी जवळपास निम्म्या जागा काँग्रेसने जिंकल्या आणि तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. गव्हर्नरच्या विशेषाधिकारांवरून वाद असल्याने काँग्रेसने सुरुवातीला अधिकारग्रहण केले नाही. एप्रिल ते जुलै १९३७ या काळात साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे तात्पुरते मंत्रिमंडळ सत्तेवर होते. जुलैमध्ये खेर यांचे सात जणांचे मंत्रिमंडळ आले. त्यात कन्हैयालाल मुनशी गृहमंत्री, मोरारजी देसाई महसूलमंत्री आणि डॉ. मंचेरशा गिल्डर आरोग्य व अबकारी मंत्री होते. अर्थखाते लठ्ठे यांच्याकडे देण्यात आले.

अमेरिकेतील बऱ्याच घटकराज्यांत खजिनदार हे पद थेट राज्यभरच्या मतदानाने भरले जाते. मुंबई प्रांतात तसे काही नव्हते. मतदार आमदार निवडत आणि अर्थमंत्री विधानसभेला जबाबदार असे. तरीही हा बदल मोठा होता. १९१९ च्या द्विदल राज्यपद्धतीत अर्थखाते राखीव होते आणि गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहत होते. लोकनियुक्त मंत्र्यांकडे शिक्षण, आरोग्य अशी खर्चाची खाती असत, पण पैसा दुसऱ्याच्या हाती. १९३७ पासून तिजोरीची किल्लीही निवडून आलेल्या मंत्र्याकडे आली.

अर्थमंत्री (१९३७–१९३९)

किल्ली हाती आली तरी तिजोरी फार भरलेली नव्हती. सनदी अधिकाऱ्यांचे पगार व निवृत्तिवेतने यांच्यावरील खर्चाला कायद्याने संरक्षण होते. विधानसभेला त्यावर मत देता येत नसे. सर ऑटो निमियर यांच्या निवाड्यानुसार प्राप्तिकरातील प्रांतांच्या वाट्यापैकी २० टक्के रक्कम मुंबईला मिळायची होती, पण पहिली काही वर्षे या वाट्याचा भाग आपल्याकडे ठेवण्याची मुभा केंद्राला होती. जमीन महसूल वाढवणे शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेल्या पक्षाला शक्य नव्हते. उलट सूट देण्याचीच मागणी होती. मंत्र्यांनी महिन्याला ५०० रुपयेच पगार घेण्याचे काँग्रेसचे धोरण होते. त्याचे नैतिक वजन मोठे असले, तरी अर्थसंकल्पाच्या आकड्यांत त्याने फरक पडण्यासारखा नव्हता.

अशा स्थितीत मंत्रिमंडळाने दारूबंदी हाती घेतली. प्रांताच्या महसुलापैकी सुमारे एक चतुर्थांश रक्कम अबकारीतून येत असे. १९३८ मध्ये अहमदाबादेत बंदी लागू झाली आणि १ ऑगस्ट १९३९ पासून ती मुंबई शहरात आली. धोरण राबवण्याची जबाबदारी गिल्डर यांची होती आणि त्यांना स्वतःच्या पारशी समाजाचा रोष पत्करावा लागला, कारण ताडी व मद्याच्या धंद्यात पारशी मोठ्या संख्येने होते. पण गेलेला पैसा आणायचा कोठून, या प्रश्नाचे उत्तर लठ्ठे यांना द्यायचे होते.

त्यांनी १९३९ मध्ये शहरी स्थावर मालमत्ता कराची योजना मांडली. इमारती व जमिनी यांच्या वार्षिक भाडेमूल्यावर १० टक्के कर बसवण्यात आला. यामागचा विचार सरळ होता. खेड्यातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा सारा भरत आला होता. मुंबईतील चाळी आणि बंगल्यांचा मालक प्रांताच्या तिजोरीत त्या मानाने फारच थोडे भरत असे. शेतकऱ्यांच्या चळवळीतून आलेल्या अर्थमंत्र्याला हा भार शहराकडे सरकवणे न्याय्य वाटले, यात नवल नाही. मद्रासमध्ये राजगोपालाचारी यांनी याच वर्षी सर्वसाधारण विक्रीकर आणून दारूबंदीची तूट भरून काढण्याचा मार्ग धरला. विक्रीकर अखेर गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, तर मालमत्ता कराचा पहिला फटका मालकाला बसतो. दोघांच्या राजकारणातील अंतर या निवडीतही दिसते.

घरमालकांनी या कराला कडाडून विरोध केला. भाडेमूल्यावरील कर हा खरे तर प्राप्तीवरील कर आहे आणि प्राप्तिकर बसवण्याचा अधिकार केंद्राचा आहे, असा कायदेशीर आक्षेप घेऊन सर बैरामजी जीजीभाई यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. भाडेमूल्य हे केवळ कराचे माप आहे, कर मात्र जमिनी व इमारतींवरचाच आहे आणि तो प्रांताच्या अधिकारात येतो, असा निकाल न्यायालयाने १९४० मध्ये दिला. केंद्र आणि प्रांत यांच्या करविषयक अधिकारांच्या चर्चेत या निकालाचा पुढे अनेकदा आधार घेतला गेला.

निकाल लागला तेव्हा लठ्ठे पदावर नव्हते. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामे दिले आणि मुंबईत गव्हर्नरची राजवट सुरू झाली. त्या राजवटीत दारूबंदी सैल पडली, पण तिच्यासाठी आणलेला मालमत्ता कर कायम राहिला.

उत्तरायुष्य

१९४६ मध्ये खेर यांचे दुसरे मंत्रिमंडळ आले तेव्हा अर्थखाते वैकुंठभाई मेहता यांच्याकडे गेले. १९४९ मध्ये मुंबई राज्याने नवा दारूबंदी कायदा केला. दहा वर्षांपूर्वीचा प्रयोग या वेळी अधिक व्यापक प्रमाणात झाला. १९५० मध्ये लठ्ठे यांचे निधन झाले. सहा वर्षांनी राज्यपुनर्रचनेत त्यांची कर्मभूमी बेळगाव म्हैसूर राज्यात गेली, तर कुरुंदवाड आणि कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले.

लेखन आणि स्मृती

शाहू महाराजांच्या चरित्राखेरीज जैन धर्माची ओळख करून देणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे ‘प्रगती आणि जिनविजय’ हे मुखपत्र त्यांच्यानंतरही चालू राहिले. सांगली येथील लठ्ठे एज्युकेशन सोसायटी ही शिक्षणसंस्था त्यांच्या नावाने चालते. श्रीमती कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय हे तिचेच महाविद्यालय आहे.