असन्निधानातील धैर्य : आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य

परमेश्वर जीवास सन्निधान देतो ते आपल्या प्रवृत्तीने. जीवाच्या उतावीळपणाने नव्हे. हा सिद्धांत मुखाने उच्चारणे सोपे, आचरणे कठीण. तो कसा आचरावा, हे श्रीनागदेवाचार्य उपाख्य भटोबास यांच्या चरित्रातून कळते.

पूर्ववयात नागदेव स्वैर वृत्तीचे होते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानात त्यांस बोध झाला आणि सर्वस्वाचा त्याग करून ते अनुसरले. पुढे इ. स. १२७४च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तजन निराधार झाले. भटोबासांचे दुःख तर अनावर होते.

त्या समयी त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. स्वामींच्या शोधार्थ उत्तरेकडे निघावे, ही एक. विखुरलेल्या भक्तांस एकत्र करून तत्काळ मार्गाची धुरा हाती घ्यावी, ही दुसरी. दोन्ही वाटा बाह्यतः भक्तीच्याच दिसतात. परंतु पहिलीत आज्ञेचा भंग होता आणि दुसरीत श्रीप्रभू विद्यमान असता स्वतःच्या कर्तृत्वाचा अभिमान. भटोबासांनी दोन्ही टाळल्या. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले.

श्रीप्रभूंची क्रीडा लौकिक बुद्धीस अगम्य होती. तेथे कोणती पृच्छा केव्हा पुरेल याचा नेम नव्हता. तरीही सुमारे बारा-चौदा वर्षे ही सेवा अखंड चालली. मात्र हे थांबणे आळसाचे नव्हते. वाजेश्वरीच्या एकांतात भटोबास स्वामींच्या लीळांचे नित्य स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांनी पृच्छा केली, आणि त्या स्मरणातूनच लीळा लिहून ठेवण्याचा संकल्प उद्भवला. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून लीळा मिळविल्या. भटोबासांनी त्या पारखल्या. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात लीळाचरित्र सिद्ध झाले ते असे. भटोबास उत्तरेस निघून गेले असते तर ही पारख कोणी केली असती?

इ. स. १२८७च्या सुमारास श्रीप्रभूंचेही असन्निधान झाले. त्यानंतर मार्गाचा भार भटोबासांवर आला. त्यांनी तो ओढून घेतला नव्हता. त्यांच्याच काळात केशिराजबासांनी सूत्रपाठाची मांडणी केली. विद्वान शिष्यांनी संस्कृताचा आश्रय घेऊ पाहिला तेव्हा भटोबासांनी त्यांस निवारिले. कारण सर्वज्ञांचे निरूपण मराठीत होते, आणि संस्कृत न जाणणाऱ्या साध्या स्त्री-पुरुषांस त्यावाचून वंचित ठेवणे त्यांस मान्य नव्हते.

साधकाने येथे विवेक करावा. प्राप्तीचा समय परमेश्वराधीन आहे. आज्ञापालन, सेवा आणि स्मरण एवढेच जीवाधीन. भटोबासांनी परमेश्वराधीन ते परमेश्वरावर सोपविले आणि स्वतःकडे आले तेवढे एक दिवसही टाळले नाही. समय आपल्या हाती घेऊ पाहणारा जीव आज्ञेस मुकतो. आणि समयाचे निमित्त करून स्वस्थ बसणारा सेवेस मुकतो. या दोहोंपासून दूर राहणे हेच असन्निधानातील धैर्य होय.