शाळेच्या खिडकीबाहेरचा विद्यार्थी : रामचंद्र बाबाजी मोरे

चवदार तळ्याचा सत्याग्रह तुमच्या घरातील पोराबाळांनाही ठाऊक आहे. पण तो महाडलाच का झाला, असे एखाद्या मुलाने विचारले तर काय सांगाल? त्याला आपल्याच रायगड जिल्ह्यातील एका मुलाची हकीकत सांगा.

रामचंद्र बाबाजी मोरे १९०३ साली महाडजवळच्या लाडवली गावी जन्मले. दासगावच्या शाळेत शिकले. वडिलांचे छत्र लवकर गेले. तरीही अलिबागला जाऊन त्यांनी शिष्यवृत्तीची परीक्षा पास केली. आता महाडच्या इंग्रजी शाळेत जायचे. पण तेथे प्रवेश नाकारला! शाळा ज्याच्या इमारतीत भरत होती, त्या मालकालाच महाराचा मुलगा आत नको होता.

अकरा-बारा वर्षांचा पोर. पण तो रडत घरी बसला नाही. त्याने मुंबईच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. झालेला अन्याय छापून आला आणि शाळेला दार उघडावे लागले. पुरते मात्र उघडले नाही. रामचंद्राला वर्गाबाहेर, खिडकीशी बसून शिकावे लागले. तुमची मुले आज बाकावर बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

महाड मोठी बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतून आपली माणसे गवत, लाकूडफाटा विकायला येत. त्यांना घोटभर पाणीही मिळत नसे. मोरे यांनी तेथे अस्पृश्यांसाठी चहाचे दुकान काढले. चहा मिळे, पाणी मिळे, आणि अडल्या माणसाचा अर्जही लिहून मिळे. मला तर वाटते, चवदार तळ्याची वाट याच दुकानावरून गेली.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, त्याला धरून महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, पण कागदावर. मोरे यांनी बाबासाहेबांना महाडला येण्याची विनंती केली आणि तीन वर्षे तिचा पाठपुरावा केला. १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली.

पुढे १९३० साली मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. काहींना ते रुचले नाही. पण बाबासाहेबांविषयीचा त्यांचा आदर अखेरपर्यंत कायम राहिला. १९७२ साली ते गेले. त्यांचे आत्मचरित्र मृत्यूनंतर त्यांच्या चिरंजीवांनी, सत्येंद्र मोरे यांनी, प्रसिद्ध केले. घरात वाचता येणारे कोणी असेल तर ते मिळवून मोठ्याने वाचायला सांगा.