रामन राघव : फाशी आणि वेड यांच्या मधोमध

बोळिंजहून विरार स्टेशन गाठून लोकल धरणारा चाकरमानी आज पाऊण-एक तासात मालाडला उतरतो. १९६८ च्या पावसाळ्यात याच उपनगरांतल्या झोपड्यांवर भीतीचे सावट होते. रात्री निजलेल्या माणसांच्या डोक्यात कोणी तरी घाव घालून जात होते. मेलेले सगळे गोरगरीब. मारेकऱ्याचे नाव सर्वांना पाठ आहे, त्यांची नावे मात्र कोणालाच आठवत नाहीत.

रामन राघव पोलिसांना नवा नव्हता. दरोड्यासाठी तो पाच वर्षे तुरुंगात राहिला होता. १९६५-६६ च्या हल्ल्यांनंतर त्याला पकडले होते. पण साक्षीदार नसल्याने सोडावे लागले. १९६८ मध्ये रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला आणि ऑगस्टच्या अखेरीस ॲलेक्स फियालो या फौजदाराने डोंगरीत त्याला ओळखून धरले. कोंबडीचे जेवण मिळाल्यावर तो बोलू लागला, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

खरा पेच पुढेच होता. हा माणूस वेडा की नुसताच क्रूर? पोलीस सर्जनने जवळजवळ महिनाभर निरीक्षण करून तो वेडा नसल्याचे सांगितले. बचाव पक्षाच्या मानसोपचारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनिया असल्याची साक्ष दिली. पण कायदा आजाराचे नाव विचारत नाही; कृत्य करताना ते काय आहे, ते चुकीचे किंवा बेकायदा आहे, हे आरोपीला कळत होते का, एवढेच विचारतो. ही कसोटी मूळची इंग्लंडची. १८४३ मध्ये मॅकनॉटन नावाच्या भ्रमिष्टाने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला मारले. तो वेडा म्हणून सुटला, लोक खवळले आणि न्यायाधीशांनी नियम कडक केले. १८६० च्या दंडसंहितेत तेच कलम ८४ झाले; २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम २२ आहे. नॉर्वेत मात्र बराच काळ उलट रीत होती : गुन्ह्याच्या वेळी माणूस भ्रमिष्ट होता एवढे ठरले, की शिक्षा नाही.

रामनने गुन्हा कबूल केला. ऑगस्ट १९६९ मध्ये फाशी ठरली. अपील करायलाही त्याने नकार दिला. उच्च न्यायालयाने मात्र घाई केली नाही. तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ पाच वेळा त्याच्याशी बोलले. जगे दोन आहेत, एक हे आणि एक कानूनचे, आणि आपण कानूनचे प्रतिनिधी, अशी त्याची पक्की समजूत होती. निरोप घेताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर या पापी जगातल्यांना शिवणार नाही म्हणून त्याने तो नाकारला.

आजार बरा होणारा नाही, असे ठरल्यावर फाशीची जन्मठेप झाली. पण तोवर १९८७ उजाडले होते. एवढी वर्षे फाशी डोक्यावर ठेवून माणूस जगवला, याला दया म्हणावे का, मला ठरवता येत नाही. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकार फाशी टाळण्याचे कारण ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले. त्या कैद्याचे नावही निकालात छापले नाही.

रामन येरवड्यातच राहिला. एप्रिल १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने तो पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला.