सर्पविद्येचे उपासक कर्नल फ्रँक वॉल

समोरचा साप विषारी की बिनविषारी हे न कळल्यामुळे कधी माणूस प्राणास मुकतो, तर कधी निरुपद्रवी साप हकनाक मारला जातो. हे अज्ञान दूर करण्यासाठी कर्नल फ्रँक वॉल यांनी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) नुवारा एलिया येथे २१ एप्रिल १८६८ रोजी झाला. इंग्लंडात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९३ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. नोकरीतील वास्तव्यात कण्णनूरपासून आसामपर्यंत हाती आलेल्या सापांचे खवले ते मोजीत. पोट चिरून भक्ष्य व अंडी पाहत आणि सारे टिपून ठेवीत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून १९१९ पर्यंत त्यांनी सामान्य भारतीय सापांवर रंगीत चित्रांसह लेखमाला लिहिली. विषारी साप ओळखण्यासंबंधीच्या त्यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती १९२८ मध्ये निघाली.

जन्मभूमीचे ऋण त्यांनी १९२१ मध्ये फेडले. सिलोनच्या सरीसृपांची शास्त्रीय नोंद त्या बेटावरच जन्मलेल्या डॉ. केलार्ट यांनी १८५२ च्या ग्रंथात केली होती. १८७७ मध्ये कोलंबोचे संग्रहालयही उघडले. या पायावर वॉल यांनी सिलोनच्या सापांवरील सुमारे सहाशे पृष्ठांचा ग्रंथ रचला. त्या बेटाखेरीज अन्यत्र न आढळणाऱ्या कित्येक जाती, विशेषतः मातीत राहणारे खापरखवले साप, त्यात सविस्तर वर्णिले आहेत.

तेथील मण्यार आणि तिच्यासारखाच पट्टेरी पण बिनविषारी साप यांत रंगावरून हमखास गफलत होते. वॉल यांनी रंगावर विसंबू नये असे दाखवून खवल्यांची कसोटी पुढे ठेवली. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले मोठे व षट्‌कोनी असतात. नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्यास व नाकपुडीच्या खवल्यास भिडतो. मेलेला साप हाती असल्यास वैद्याला या खुणांवरून निदान करता येई. त्या काळी कसौलीची प्रतिविषाची लस नाग व घोणस यांच्यापुरतीच उपयोगी असल्याने अचूक ओळखीचे मोल फार होते.

हे ग्रंथ इंग्रजीत असल्याने अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचले नाहीत, ही उणीव मान्य केली पाहिजे. १९२५ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले आणि १९ मे १९५० रोजी इंग्लंडात बोर्नमथ येथे निवर्तले. मात्र त्यांनी रूढ केलेल्या खवल्यांच्या खुणा पुढे देशी भाषांतील सर्पविषयक पुस्तकांतही उतरल्या. भयाच्या जागी ओळख आणणारे हे ज्ञान हेच त्यांचे खरे स्मारक होय.